जे पाहायचं नव्हतं

गेल्या महिन्यात आमच्या वाचनमंडळात आफ्रिकन कलेवर बोलायची पाळी माझ्यावर आली. आली म्हणजे मीच ओढवून घेतली. काही वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा एका मोठ्या संग्रहालयात दोन दिवस घालवले होते. तेव्हाचे फोटो तसेच पडून होते. मंडळात आम्ही पंधरा-सोळा जणी, बहुतेक निवृत्त, सगळ्या बोलक्या. मी मुखवटे दाखवले, डोक्यावर बांधून नाचायची ती लांब शिंगांची लाकडी हरणं दाखवली (ती सगळ्यांना आवडली, आवडतातच), आणि शेवटी, जरा नाट्य म्हणून, मुद्दाम राखून ठेवलेला एक फोटो पडद्यावर लावला.

काचेच्या पेटीत एक ओबडधोबड गोळा. चार आखूड, जाड पाय. पाठीवर उंचवटा. तोंड नाही, डोळे नाहीत. वाळलेल्या चिखलाचा रंग आणि अंगभर भेगा. गाय म्हणावी तर गाय नाही, पाणघोडा म्हणावा तर तोही नाही.

"याचं नाव बोली," मी म्हटलं. "मालीतल्या बामाना लोकांची सगळ्यात गुप्त आणि सगळ्यात शक्तिमान वस्तू. बायकांनी ही पाहिली तर मरण येतं असं ते मानत."

हशा झाला. "मग आपलं काही खरं नाही," असं कुणीतरी म्हणालं. आणि तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून माईंनी (त्या आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या) विचारलं, "त्यांच्या बायकांनी पाहिलंय का गं हे, नंतर तरी?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा आला, विषय संपला. पण तो प्रश्न काही संपला नाही. घरी येऊन कपाटातली पुस्तकं काढली, नेटवर बसले, आणि महिनाभर त्याच्यापायी दुसरं काही धड झालं नाही. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे.

आधी बोली म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. (मराठीत बोली म्हणजे भाषा, आणि लिलावातली तीही बोलीच. या दुसऱ्या अर्थाने पाश्चात्त्य लिलावघरांत बोलीवर बोली लागलेली आहे, हा योगायोग मला फारसा गमतीचा वाटत नाही.) बामाना म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, आजच्या माली देशात, नायजर नदीच्या आसपास राहणारे शेतकरी लोक. बाहेरचे त्यांना बांबारा म्हणतात. त्यांच्या गावांतून दीक्षा घेतलेल्या पुरुषांच्या मंडळ्या असत, कोमो, कोनो अशा नावांच्या. तंटे सोडवणं, चेटूक करणाऱ्यापासून गावाचं रक्षण करणं, पीकपाणी, रोगराई हे सगळं त्या मंडळ्या बघत. कोमोचा प्रमुख बहुतेक करून लोहार. कारण लोहाराला आगीशी आणि लोखंडाशी खेळता येतं, आणि बामानांच्या समजुतीप्रमाणे अशा प्रत्येक कामात एक शक्ती मोकळी होते. तिला ते न्यामा म्हणतात. ती माणसात असते, जनावरात असते, झाडपाल्यात असते. जीव घेतला की ती सुटते. ज्याला ती हाताळता येत नाही त्याला ती मारते.

बोली हे ही शक्ती साठवायचं ठिकाण. आत लाकडाचा गाभा, त्याच्यावर पांढरं सुती कापड गुंडाळलेलं, आणि त्याच्यावर मातीचे थर. पुढचं काम मात्र वर्षानुवर्षं चालतं. बळी दिलेल्या जनावराचं रक्त, बाजरीची बिअर, चावून थुंकलेलं कोलाचं बी असं काय काय त्याच्यावर पडत राहतं, वाळत राहतं, थरावर थर चढतात. म्हणजे बोली घडवून एकदाची संपवून टाकायची गोष्टच नाही. तिला भरवावं लागतं. भरवणं थांबलं की ती निकामी होते.

आपल्याकडे शेंदराचे थर चढून चढून मूळ दगड दिसेनासा झालेले देव आहेत, त्यामुळे थराची ही कल्पना आपल्याला चटकन कळते. पण साम्य तिथेच संपतं. शेंदूर लावलेला म्हसोबा गावाच्या वेशीवर उघडा बसलेला असतो, येणारा-जाणारा हात जोडतो. बोली मात्र झोपडीत, अंधारात, मोजक्या लोकांच्या ताब्यात. आत नेमकं काय काय घातलंय हे ज्याने घातलं त्यालाच ठाऊक. पॅट्रिक मॅकनॉटन या अमेरिकन अभ्यासकाने बामानांच्या प्रदेशात लोहारांजवळ राहून त्यांचं काम शिकून घेतलं, आणि १९८८ साली मांदे लोहारांवर पुस्तक लिहिलं. ते वाचताना लक्षात येतं की या वस्तू सुंदर दिसाव्यात अशी अपेक्षाच नव्हती. त्या अस्पष्ट राहाव्यात, बघणाऱ्याला त्यांचा अंदाज येऊ नये, हीच त्यांची ताकद. तोंड-डोळे नाहीत ते कारागिराला जमले नाहीत म्हणून नव्हे.

आणि या सगळ्यातून बायका, मुलं आणि दीक्षा न घेतलेले पुरुष बाहेर. कोमो गावात निघायचा तेव्हा बायका दारं लावून घरात बसत. फक्त आवाज ऐकू यायचा.

आता ही वस्तू त्या अंधारातून काचेच्या पेटीत कशी आली? मी फोटो काढला त्या वस्तूच्या पाटीवर याचं उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या एका बोलीची गोष्ट तारखेसकट लिहून ठेवलेली आहे, आणि ती चोरणाऱ्यानेच लिहिलेली आहे.

१९३१ ते १९३३ या काळात मार्सेल ग्रिओल या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक सरकारी मोहीम डाकारहून जिबुतीपर्यंत आफ्रिका ओलांडून गेली. तिने साडेतीन हजारांवर वस्तू पॅरिसला आणल्या. मिशेल लेरिस हा लेखक मोहिमेचा चिटणीस होता आणि तो रोजनिशी लिहीत होता. सप्टेंबर १९३१ मध्ये ही मंडळी केमेनी नावाच्या गावात पोचली. त्यांना कोनो मंडळीचं देऊळ बघायचं होतं. गावकरी म्हणाले, आधी बळी द्यावा लागेल. त्यात वेळ जाऊ लागला. मग ग्रिओलने सांगितलं की ही वस्तू दहा फ्रँकला आम्हाला द्या, नाहीतर ट्रकमध्ये पोलीस लपलेले आहेत, ते तुमच्या म्हाताऱ्यांना धरून नेतील. ट्रकमध्ये पोलीस नव्हते. पण राज्य फ्रेंचांचं होतं, त्यामुळे ते नसले तरी चालण्यासारखं होतं. त्या देवळात शिरून वस्तूला हात लावायला गावातलं कुणीही तयार होईना. शेवटी साहेबांनीच ती बाहेर काढली. लोक पळाले.

दुसऱ्या दिवशी द्याबुगू नावाच्या गावात तेच. या खेपेला लेरिसने स्वतः एक बोली उचलली. तिचं वजन किमान पंधरा किलो असावं असा अंदाजही त्याने लिहून ठेवला आहे. ती आज पॅरिसच्या क्वे ब्रान्ली संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

लेरिसची रोजनिशी १९३४ साली पुस्तकरूपाने आली आणि ग्रिओलला ती अजिबात आवडली नाही. साहजिक आहे. लेरिसने स्वतःची छाती कशी धडधडत होती, आपण किती मोठं पाप करतोय याची जाणीव कशी झाली हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलं आहे. ते वाचून मला आधी त्याचं कौतुक वाटलं. मग पान उलटलं आणि लक्षात आलं की ही जाणीव आदल्या दिवशी झाली होती. द्याबुगूची बोली त्याने त्यानंतर उचलली.

हे मला फार लागलं, कारण त्यात मला मी दिसले. संग्रहालयात त्या काचेपुढे उभी असताना मलाही थोडं अपराधी वाटलं होतं. 'बिचारे, कुठून कुठे आणून ठेवलंय' वगैरे. आणि ते वाटून झाल्यावर मी फोटो काढला. अपराधी वाटणं हा एक प्रकारचा प्रवेश-तिकिटाचा दरच झालाय. तो भरला की आत जायला आपण मोकळे.

आता माईंच्या प्रश्नाकडे येते. तो मला इतका टोचला याला एक जुनं कारण आहे.

२०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यावं की नाही यावरून जे रण पेटलं होतं ते आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पुरुषांना जिथे जाता येतं तिथे बायकांना अडवता येणार नाही, आणि गुढीपाडव्याला चौथरा खुला झाला. मी तेव्हा घरात, मंडळात, सोसायटीत सगळ्यांशी भांडले होते. 'बाईने बघितलं की देव बाटतो' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. चौथरा खुला झाला त्या दिवशी मी श्रीखंडाचा डबा आणला होता. पाडव्याचा म्हणून आणि त्याचाही.

मग आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की बामानांची बोली बायकांनी पाहायला नको होती? एक मनाई मोडल्याचा मी सण करते आणि दुसरी मोडल्याचं मला वाईट वाटतं, हे कसं? आमच्या मंडळातल्या एकीने फोनवर हेच ऐकवलं. "बरं झालं की मग. पुरुषांनी बायकांना घाबरवण्यासाठी ठेवलेला बागुलबुवा तो. आला उजेडात."

तिचं म्हणणं टाकाऊ नाही. कोमोचा धाक हा बायकांवरचाही धाक होता, यात शंका नाही. गुपित ज्याच्या हाती त्याच्या हाती सत्ता, हे काही आपल्याला बामानांकडून शिकायला नको. पण मी जितका विचार केला तितकं मला वाटत गेलं की या दोन मनाया मोडण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक माईंनी एका वाक्यात दाखवला होता.

शिंगणापूरला भांडल्या त्या बायका त्याच समाजातल्या. तो देव त्यांच्या साडेसातीतला, तो नियम त्यांच्याच डोक्यावर बसलेला. न्यायालय इथलं, विरोध करणारेही इथलेच. भांडण घरातलं होतं आणि ते घरात सुटलं (किंवा सुटलं नाही, पण झालं तरी घरात). केमेनीत आणि द्याबुगूत काय झालं? मनाई मोडली ती नियमाबाहेरच्या माणसांनी, बंदुकीच्या नाही पण बंदुकीच्या सावलीच्या जोरावर. त्यानंतर ती वस्तू पाहिली कुणी? पॅरिसच्या लोकांनी. जगभरच्या प्रवाशांनी. पुण्याहून लेकीकडे गेलेल्या मी तसलीच दुसरी एक पाहिली. केमेनीच्या बाईला त्यातून काय मिळालं? तिचं दार बंदच राहिलं. फक्त दाराबाहेरची गोष्ट हजारो मैल दूर निघून गेली. तिच्या गावाने ती हवी की नको, खरी की खोटी, हे भांडायची संधीच तिच्या हातून गेली.

नियम ज्यांच्यावर आहे त्यांनी तो मोडला तर ती सुधारणा. तिसऱ्याने येऊन मोडला तर ती लूट, मग त्यात कितीही बायकांना दर्शन घडलेलं असो.

शिवाय बामाना बायका काही नुसत्या दाराआड बसलेल्या नव्हत्या. लोहारांच्या बायका कुंभारकाम करत, आणि त्यांचं ते शास्त्र त्यांच्याच ताब्यात असे. चिखलाने रंगवलेलं बोगोलान कापड आज जगभर उशांच्या अभ्र्यांवर दिसतं. ते मुळात बायकांचं काम. मुलीच्या योनिछेदाच्या विधीनंतर, बाळंतपणानंतर, म्हणजे जेव्हा जेव्हा रक्त वाहतं आणि त्यासोबत न्यामा सुटते, तेव्हा ते अंगाला गुंडाळायचं. (तो विधी क्रूर आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. आणि त्याविरुद्ध मालीतल्याच बायका लढताहेत, हेही पुन्हा घरातलंच भांडण.) म्हणजे शक्ती धरून ठेवणारं कापड पुरुषांकडेही होतं, बोलीच्या आत, आणि बायकांकडेही. सारा ब्रेट-स्मिथ या अभ्यासक बाईने बामानांच्या या दोन्ही बाजूंवर अनेक वर्षं काम केलं आहे. बोलीच्या त्या अर्धवट आकारात तिला पूर्ण वाढ न झालेल्या बाळाची आठवण दिसते. हे वाचून मी दचकले. बायकांपासून लपवलेल्या वस्तूच्या पोटात पुन्हा बाईचंच पोट!

इथे मला माझंही एक कबूल करायला हवं. हे सगळं मला माहीत आहे ते कुणीतरी कुणालातरी गुपित सांगितलं, किंवा कुणीतरी ते हिसकावून घेतलं म्हणूनच. मी काही त्या लुटीच्या बाहेर उभी नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार करायला हवा. संग्रहालयवाले म्हणतात, आम्ही नेलं नसतं तर वाळवीने खाल्लं असतं, नाहीतर त्यांच्याच लोकांनी जाळलं असतं. यातलं दुसरं खरं आहे. १८६१ मध्ये उमर ताल या मुसलमान धर्मयोद्ध्याने बामानांचं सेगूचं राज्य जिंकलं. शेजारच्या मासिना राज्याचं म्हणणं होतं की सेगूचा राजा आता मुसलमान झालाय, त्याच्यावर जिहाद करता येणार नाही. उमरने राजवाड्यातल्या बोली बाहेर काढल्या आणि 'हा बघा त्याचा इस्लाम' म्हणून पुरावा म्हणून मांडल्या. बाकीच्या नष्ट केल्या. आज माली बहुतांशी मुसलमान आहे. ज्यांच्या पणजोबांनी बोलीला रक्त पाजलं त्यांच्या पणतवंडांना ती परत नकोशीही वाटू शकते.

पण गंमत बघा. उमरने बोली नष्ट केली ती तिच्यात काहीतरी आहे असं समजून. तो तिचा शत्रू होता, आणि शत्रू माणसाला गंभीरपणे घेतो. लोहाराने तिला भरवलं, उमरने तिला फोडलं, दोघांच्याही लेखी ती जिवंत होती. तिला मेलेली ठरवलं ते काचेने. योग्य तापमान, योग्य दमटपणा, खाली छोटी पाटी: लाकूड, कापड, माती, यज्ञीय द्रव्यं. पाटीवर साहित्य असतं, कृती नसते. पूर्वी एक गाव दुसऱ्या गावाकडून मोल देऊन अशा वस्तू घेत असे, पण तेव्हा वस्तूसोबत तिला सांभाळायची विद्याही मिळे. पॅरिसने नुसती वस्तू नेली. जबाबदारी तिथेच, रिकाम्या झोपडीत राहिली.

मग काय करावं? परत द्या, असं म्हणणं सोपं आहे, आणि ते म्हटलंच पाहिजे. २०१८ साली फेलविन सार आणि बेनेदिक्त सावॉय यांनी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना जो अहवाल दिला त्यात बळजबरीने आणलेल्या वस्तू परत करण्याची शिफारस आहे. २०२१ मध्ये बेनिन देशाला सव्वीस वस्तू परत गेल्याही. २०२५ साली क्वे ब्रान्लीनेच त्या जुन्या मोहिमेची उलटतपासणी करणारं प्रदर्शन भरवलं. त्यात मालीसह आफ्रिकेतल्या संशोधकांनी मोहीम ज्या वाटेने गेली त्या वाटेवरच्या लोकांना पुन्हा विचारलं. नव्वद वर्षांनी का होईना, कुणीतरी विचारलं.

माझं मत विचाराल तर परत देण्याच्याही आधी एक गोष्ट करता येण्यासारखी आहे, आणि तिला कायदाही लागत नाही. झाकून ठेवा. जिच्याबद्दल आपल्याला पक्कं माहीत आहे की ती धमकी देऊन आणलेली आहे आणि पाहण्यासाठी केलेलीच नव्हती, ती वस्तू मांडू नका. रिकामी पेटी ठेवा आणि पाटीवर गाव, साल, दहा फ्रँक आणि नसलेले पोलीस यांची हकिकत लिहा. गावाने काय करायचं ते गाव ठरवेल: घ्यायची, भरवायची, जाळायची, बामाकोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवायची, की तुम्हीच ठेवा म्हणायचं. त्या ठरवण्यात बायकांना बोलावायचं की नाही यावरून त्यांचं भांडण होईल. होऊ दे. माझी इच्छा विचाराल तर त्या भांडणात बायका जिंकाव्यात. पण ते भांडण त्यांचं आहे.

परवा माईंना फोन केला. म्हटलं, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालं नाही. पाहिलं असेल कुणी पॅरिसला गेलेल्या बाईने, सांगता येत नाही." माई म्हणाल्या, "अगं, पण तू तो फोटो आम्हाला का दाखवलास, हे तरी कळलं का?"

कळलं. हशा यावा म्हणून.

या लेखासोबत फोटो लावायचा होता, तो लावलेला नाही. शोधलात तर कुठेही सापडेल.